पेनं फुटतात त्या दिवशी

(टेबलावर फक्त लाकडाचे तुकडे. कॅमेरा हातांवर.)

नमस्कार मंडळी. आज पेन दाखवणार नाहीये, आज हे दाखवते. हा एक, हा दुसरा, हा तिसरा, आणि हा चौथा अर्धाच आहे, उरलेला उडून कपाटाखाली गेलाय. सकाळी नऊ ते दुपारी तीनची कमाई. तयार पेनं शून्य.

लाकूड फणसाचं. आजोळचं घर उतरवलं तेव्हा मामांनी दाराच्या चौकटीतला दोन हात तुकडा माझ्यासाठी बाजूला ठेवला होता. आता त्यांची पंचाहत्तरी आहे आणि मामेभावाला त्याच लाकडाची तीन पेनं हवी आहेत. म्हणजे दुकानात जाऊन दुसरा ठोकळा आणावा, अशी सोय नाही. हाच रंग बघा, ताजा कातला की हळदीसारखा पिवळा, आणि उजेडात राहून राहून हा असा तपकिरी होतो.

नव्याने बघणाऱ्यांसाठी झटपट सांगते. साधं फिरकीचं पेन, म्हणजे फिरवलं की रिफिल बाहेर येतं ते, दोन नळकांड्यांचं असतं. साधारण एकोणीस मिलिमीटर चौकोनी ठोकळा घ्यायचा, त्यात आरपार सात मिलिमीटरचं भोक पाडायचं, भोकात पितळी नळी चिकटवायची, मग दोन्ही ठोकळे मँड्रेल नावाच्या सळईवर चढवून लेथवर, म्हणजे लाकूड गरागरा फिरवणाऱ्या यंत्रावर, कातायचे. शेवटी टोकाशी नळीभोवती जे लाकूड उरतं ते एक मिलिमीटरसुद्धा नसतं. हे लक्षात ठेवा, सगळी रडारड इथूनच सुरू होते.

(जवळून. तिसरा तुकडा हातात.)

आता हा तिसरा जरा नीट बघू. हा ऐंशी टक्के झाला होता. आकार आला होता, मी मनातल्या मनात पॉलिशपर्यंत पोचले होते. कातताना एक आवाज असतो, सलग, सळसळ असा. तो अचानक बदलला, टक टक टक आलं. तिथेच मशीन बंद करायला हवं होतं. मी काय केलं? म्हटलं, एक हात अजून. फट्. ढलपी गेली.

ती गेली तिथे काय दिसतंय? पितळ. स्वच्छ, चकचकीत पितळ, ग्लूचा एक थेंब नाही. म्हणजे लाकूड फुटलं दुपारी, पण चूक झाली सकाळी दहा वाजता. मी नळीला ग्लू लावला आणि सरळ आत ढकलली. अशी ढकलली की भोकाच्या तोंडाशीच सगळा ग्लू पुसला जातो, आत कोरडं राहतं. कोरड्या जागी लाकडाच्या मागे आधार नाही, पातळ झालं की ते सुटणारच. शिवाय नळी घासलीच नव्हती. दीडशे नंबरच्या पॉलिश पेपरने तिची चकाकी घालवायची, भोकाच्या आतही काडीने ग्लू फिरवायचा, आणि नळी गोल गोल फिरवत, थोडी आत थोडी बाहेर करत बसवायची. नळीत ग्लू जाऊ नये म्हणून तिचं तोंड कच्च्या बटाट्याच्या चकतीत दाबून घ्यायचं, मस्त बूच बसतं. (सागवान असेल तर आणखी एक काम, त्याला तेल असतं, चिकटवण्याआधी आतून ॲसिटोनने पुसून घ्या.)

हे सगळं मला माहीत आहे. माहीत असूनही केलं नाही, कारण त्याआधी दोन ठोकळे गेले होते आणि मी वेळ भरून काढत होते.

पहिला ड्रिल करताना फुटला, बिट खालून बाहेर येताना. त्यावर उपाय सोपा आहे: ठोकळा सेंटिमीटरभर लांब ठेवायचा, आरपार जायचंच नाही, आणि खालचं टोक नंतर करवतीने कापलं की भोक आपोआप उघडं पडतं. दर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरला बिट बाहेर काढून भुसाही काढायचा, नाहीतर आत भट्टी होते.

दुसरा त्या भट्टीनेच गेला. गरम भोकात मी इन्स्टंट ग्लू घातला. उष्णतेने तो आणखी लवकर आवळतो. नळी निम्मी आत, निम्मी बाहेर, आणि जागच्या जागी गच्च! पक्कड लावली तर नळीच चेपली. आता मी ड्रिल आदल्या संध्याकाळी करते आणि सावकाश सुकणारं इपॉक्सी वापरते. करते म्हणजे, इतर दिवशी करते.

चौथ्याचं काय झालं तर राग नटमध्ये उतरला. मँड्रेलचा नट असा करकचून आवळला, वर टेलस्टॉकही, म्हणजे लेथचा दुसऱ्या टोकाचा आधार, दाबला. मँड्रेल म्हणजे बारीक सळई, दाबली की कमान होते. मग नळकांडं एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. बुशिंग म्हणजे नळकांड्याच्या टोकाला माप दाखवणारं कडं, त्याच्या कडेवर नख फिरवा, एका बाजूला अडकतं, दुसऱ्या बाजूला अडकत नाही. ते सुधारायला गेले आणि उडालं. तोंडावर शील्ड होतं म्हणून आता हसत सांगतेय. लेथ मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांनी फिरत असतो, त्याच्याशी भांडायला जाऊ नका. हातमोजे नाहीत, ओढणी नाही, केस बांधलेले.

तर अशा दिवशी मी काय करते. या धंद्यात दोन प्रकारची कामं आहेत, परत मागे घेता येणारी आणि न येणारी. ग्लू लावणं, शेवटी प्रेसमध्ये पेन जोडणं, ही मागे घेता येत नाहीत. फिरकीचा भाग प्रेसमध्ये केसभर जास्त आत गेला की रिफिलचं टोक कायमचं बाहेर, मग ठोकून काढताना चांगलं लाकूडही जातं. दोन तुकडे ओळीने फुटले, की त्या दिवशी ही कामं बंद. पॉलिशसुद्धा नको. हत्यारांना धार लावा, नळ्या घासून ठेवा, बुशिंगवरचा वाळलेला ग्लू खरवडा.

(पुन्हा तिसरा तुकडा.)

आणि कीस लगेच झाडू नका! ढलपी त्यातच असते. मी पाऊण तास बॅटरी घेऊन जमिनीवर होते. ही बघा, नखाएवढी. बसवून बघते... रेषा जुळतेय. पातळ ग्लू, वरून दोरा घट्ट गुंडाळायचा, आणि कडेला फट उरलीच तर याच लाकडाचा भुगा भरायचा. म्हणजे तिसरा कदाचित वाचेल. पण आज चिकटवणार नाही. डबीत घालून वर लिहून ठेवलंय, "तिसरा".

त्यानंतर बाभळीची एक फांदी पडलेली होती ती लेथवर लावली आणि भोवरा कातला. कुणी मागितलेला नाही, मापं नाहीत, बुशिंग नाही. सावंतवाडीच्या चितारआळीत, लाकडी खेळणी करणाऱ्या कारागिरांकडे, पाहिलं होतं, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी धरायची, घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळून रंग बसतो. तसं करून बघितलं, लाल रंग अर्धा बसला, अर्धा गोळ्या गोळ्या झाला. चालतंय.

मामेभावाला मेसेज टाकलाय की या रविवारी नाही, पुढच्या. त्याने अंगठा पाठवलाय, रागाने की कसा ते कळत नाही. चौकटीचं लाकूड अजून चार ठोकळ्यांपुरतं आहे. दोन आत्ता ड्रिल करून गार व्हायला ठेवलेत, एकेक सेंटिमीटर लांब ठेवून. उद्या सकाळी चिकटवते, परवा कातायला घेते. कॅमेरा लावून ठेवीन, फुटलं तरी दाखवीन.