कोणत्या लाटेवर कोणी जावं: श्रीलंकेचे दोन किनारे

नमस्कार मंडळी.

श्रीलंकेला सर्फिंगसाठी जायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, 'मी नवीन आहे, माझ्यासाठी कुठली जागा बरी?' प्रश्न रास्त आहे, पण अर्धवट आहे. दक्षिण किनाऱ्यावरची वेलिगामा नवशिक्यांची, तिथून जवळच खडकावर फुटणारी राम्स राइट मुरलेल्यांची, अशी यादी पाच मिनिटांत पाठ होते. पण वेलिगामाच्या ज्या पाण्यात सोमवारी दहा वर्षांची मुलं उभी राहायला शिकत असतात, तिथेच गुरुवारी मोठा स्वेल, म्हणजे दूरच्या वादळातून निघून आलेल्या लाटा, आला की चांगला सराव असलेला माणूसही लाटांपलीकडे पोचू शकत नाही. म्हणून 'कुठे' या प्रश्नाला 'कोणत्या महिन्यात, किती वाजता आणि खाली तळ काय आहे' हे तीन प्रश्न जोडूनच उत्तर द्यावं लागतं.

आधी महिना. आपल्याकडे पाऊस आणणारे नैऋत्य मोसमी वारेच या बेटाचं वेळापत्रक ठरवतात. मे ते सप्टेंबर हे वारे दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर समुद्राकडून आदळतात. लाट मोठी असते, पण वाऱ्याने विस्कटलेली, आणि पाण्याला ओढ जबरदस्त. त्याच काळात पूर्व किनाऱ्यावरच्या अरुगम बेला हेच वारे जमिनीवरून पोचतात, त्यामुळे लाटेचा चेहरा, म्हणजे पुढचा उतार, गुळगुळीत राहतो. नोव्हेंबर ते एप्रिल हे चित्र उलटं होतं. ईशान्येचा वारा सुरू होतो आणि हिक्कडुवापासून हिरिकेतियापर्यंतचा सगळा दक्षिण-नैऋत्य किनारा सुधारतो. डिसेंबर ते मार्च हे त्यातले सगळ्यात भरवशाचे महिने. जुलैत वेलिगामाला जाऊन शिकायचं ठरवणं म्हणजे सुट्टी वाया घालवणं. स्वस्त हॉटेल मिळालं म्हणून हा बेत करू नका.

दिवसाची वेळही तितकीच महत्त्वाची. शाळेच्या भूगोलात आपण मतलई आणि खारे वारे शिकलो, त्यांचा उपयोग इथे रोज होतो. पहाटेपासून साधारण दहापर्यंत जमिनीकडचा वारा किंवा शांतता, मग जमीन तापली की खारा वारा सुरू होतो आणि लाटेवर सुरकुत्या पडू लागतात. शिकणाऱ्याला फुटलेल्या लाटेच्या फेसात उभं राहायचं असतं, त्यामुळे दुपारच्या वाऱ्याने त्याचं फारसं बिघडत नाही. पण ज्याला न फुटलेली लाट पकडायची आहे त्याने उजाडताच पाण्यात असावं.

आता लाटांचा अंदाज वाचण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. फोनवर दिसतं, 'स्वेल १.२ मीटर, १४ सेकंद'. लोक १.२ वाचतात आणि १४ सोडून देतात. हे सेकंद म्हणजे एका लाटेचा माथा गेल्यावर पुढचा माथा यायला लागणारा वेळ, आणि लाटेचा खरा जोर त्यात असतो. श्रीलंकेला येणारा चांगला स्वेल दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांतून निघतो. १५ सेकंदांचा स्वेल खोल पाण्यात दिवसाला साधारण हजार किलोमीटर कापतो. त्याच्या दोन माथ्यांमधलं अंतर सुमारे साडेतीनशे मीटर असतं, म्हणून पावणेदोनशे मीटर खोलीवरच त्याला तळ जाणवू लागतो आणि किनाऱ्याजवळ येताना तो उंच होत जातो. ८ सेकंदांच्या लाटेचं हेच अंतर जेमतेम शंभर मीटर. त्यामुळे १ मीटर आणि १५ सेकंदांचा दिवस हा दीड मीटर आणि ८ सेकंदांच्या दिवसापेक्षा खडकावर बऱ्याचदा मोठा निघतो. नवशिक्याने तेरा-चौदाच्या वरचा आकडा दिसला की उंची कमी असली तरी सावध व्हावं.

आणि अशा दिवशी लाटांच्या दोन मोठ्या झुंडींमध्ये दहा-दहा मिनिटं शांतता असू शकते. पाच मिनिटं बघून 'आज काहीच नाही' म्हणत आत जाणारा माणूस नेमका पुढच्या झुंडीत सापडतो. काठावर बसून निदान वीस मिनिटं पाणी बघा. सगळ्यात मोठी लाट कुठे फुटते, लोक कुठून आत जातात आणि कुठून बाहेर येतात, हे तीन मुद्दे पक्के झाल्याशिवाय बोर्डाला हात लावू नका.

तळाचं गणित सोपं आहे. लाट आपल्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीवर फुटते. म्हणजे एक मीटरची लाट फुटते तिथे पाणी छातीइतकं असतं. तळ हळूहळू चढणारा असेल तर लाट वरून सांडत, मऊपणे फुटते. खोल पाण्यातून अचानक खडकाची पायरी आली तर लाट या हिशोबापेक्षा उथळ पाण्यात, एकदम कोसळते. वेलिगामा आणि राम्स यांच्यातला फरक इतकाच आहे, आणि तो फार मोठा फरक आहे.

वेलिगामाचा उपसागर रुंद, तळ वाळूचा, उतार मंद. तप्रोबेन हे घर असलेलं छोटंसं बेट दिसतं तोच हा किनारा. इथे कमरेइतक्या पाण्यात उभं राहून, आठ ते नऊ फुटी सॉफ्टबोर्डवर (मऊ पृष्ठभागाच्या बोर्डवर), फुटून आलेल्या फेसात शिकायचं. लीश, म्हणजे बोर्ड पायाशी जोडणारी दोरी, बोर्डाच्या लांबीइतकी हवी आणि मागच्या पायाला बांधायची. इथे तळाने कोणी जखमी होत नाही. लागतं ते दुसऱ्याच्या सुटलेल्या बोर्डाचं, कारण गर्दी प्रचंड. म्हणून बोर्ड स्वतःच्या बाजूला धरा, आपल्या आणि येणाऱ्या लाटेच्या मध्ये कधीही नको. पडल्यावर वर येताना एक हात डोक्यावर असू द्या.

वेलिगामाचा एक दोष सांगायलाच हवा. लांब पल्ल्याच्या स्वेलच्या सरळ रेषा या सपाट वाळूवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच वेळी कोसळतात, भिंत पडावी तशा. अशा दिवशी फेसातला विद्यार्थी मजेत असतो, पण नुकताच हिरव्या, म्हणजे न फुटलेल्या, लाटेवर जाऊ लागलेला माणूस इथे वैतागतो, कारण बाजूला सरकायला लाटेला खांदाच, म्हणजे अजून न फुटलेला कडेचा भागच, उरत नाही. त्याला वाटतं आपलंच चुकतंय. चुकत नसतं, जागा चुकलेली असते.

मग त्याने कुठे जावं? इथे पातळीची व्याख्या नीट करू या. 'मध्यम' हा शब्द प्रत्येक जण स्वतःला लावतो, म्हणून कसोटी ठेवा: न फुटलेली लाट कोणी ढकलल्याशिवाय पकडता येते का? पकडल्यावर ठरवलेल्या बाजूला, चेहऱ्यावर तिरपं जाता येतं का? मोठी झुंड आली तर बोर्ड सोडून न देता, उलटं होऊन त्याला धरून लाट डोक्यावरून जाऊ देता येते का? थकल्यावरही वीस मिनिटं वल्हवता येतं का? चारही उत्तरं 'हो' असतील तर खडकाचा दरवाजा उघडला. तिसरं उत्तर 'नाही' असेल तर बाकी सगळं येत असूनही थांबा, कारण गर्दीत बोर्ड सोडून देणारा माणूस मागच्याचं डोकं फोडतो. गोव्यात अश्वे-मोरजीला आठवडाभर शिकून आलेल्यांना सहसा पहिलीच कसोटी अडते. तिथे प्रशिक्षकाने ढकललेलं असतं, आणि लाट स्वतः ओळखण्याचं काम अजून झालेलं नसतं. त्यांनी वेलिगामालाच, पण फेसाच्या पलीकडे, स्वेल लहान असताना आणखी काही दिवस द्यावेत. दिक्वेल्लाजवळची हिरिकेतियाची घोड्याच्या नालेसारखी खाडीही चालेल. मध्यभागी फेस, कडेने लांब डावी लाट. मात्र खाडी लहान आहे, आणि शिकणारे व मुरलेले तिथे एकमेकांच्या वाटेत येतात. सकाळी लवकर जा.

कसोटीला उतरलेल्यांसाठी वेलिगामाच्या पश्चिमेला मिदिगामा आहे, आणि माझ्या मते बेटावरचा सगळ्यात शिकवणारा पट्टा तोच. लेझी लेफ्ट, लेझी राइट, प्लांटेशन्स, कोकोनट्स आणि राम्स अशा जागा एकाच गावाच्या आसपास. डावी-उजवी ही किनाऱ्याकडे तोंड करून लाटेवर चाललेल्या माणसाची, काठावरून बघणाऱ्याची नव्हे. लेझी लेफ्ट खडकावर फुटते, पण नावाप्रमाणे निवांत. उभं राहायला वेळ देते आणि पुढे लांबवर चालते. पहिल्यांदा रीफवर, म्हणजे पाण्याखालच्या खडक-प्रवाळावर, जायचं तर इथे, स्वेल मीटरभराच्या आत असताना. सात ते आठ फुटी बोर्ड पुरे. रीफच्या कडेला जिथे पाणी गडद दिसतं आणि लाट फुटत नाही, तीच आत जायची आणि परत यायची वाट. लाट संपली की सरळ किनाऱ्याकडे न जाता त्या वाटेकडे वळायचं. बहुतेकांचे पाय कापतात ते लाटेवर नाही, तर बाहेर येताना मध्येच उभं राहिल्यामुळे. पाणी गुडघाभर उरेपर्यंत पोटावर झोपूनच या आणि पाय टेकवताना सावकाश टेकवा.

कोकोनट्स आणि राम्स या शेजारच्याच जागा असल्यामुळे लेझीवर दोन चांगले दिवस गेले की पाय तिकडे वळतात. तिथे भरती बघावी लागते. मुंबईकराला हे पटत नाही, कारण आपल्याकडे उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं आणि श्रीलंकेत उधाणालाही फरक पाऊण मीटरच्या आत, भांगाच्या भरतीला तर त्याहून कमी. पण राम्सवर लाट ज्या खडकावर फुटते तिथे ओहोटीला पाणी इतकं कमी असतं की वीतभराचा फरक म्हणजे पाठ टेकणं किंवा न टेकणं. शिवाय लाट खडी आणि पोकळ. बोर्डावर उभं राहायला अर्धा सेकंद उशीर झाला की नाक खाली घुसतं आणि माणूस लाटेच्या पुढे पडतो. खड्या उतारावर सहजपणे उभं राहणाऱ्यांनीच इथे जावं, तेही भरतीच्या आसपास. पडायचं ते आडवं, सपाट, हातांनी डोकं झाकून. सूर मारायचा नाही.

कबालानाला, म्हणजे अहंगामाजवळ, 'द रॉक' नावाची दोन्ही बाजूंना फुटणारी ताकदवान लाट आहे. शेजाऱ्यांपेक्षा ती स्वेल जास्त खेचते. सगळीकडे पाणी सपाट असताना सरावलेल्यांनी तिकडे जावं, सगळीकडे मोठं असताना मध्यम पातळीच्या माणसाने तिथून दूर राहावं.

पूर्व किनाऱ्याची रीत वेगळी. तिथे बहुतेक लाटा उजव्या पॉइंटच्या: दक्षिणेकडून आलेला स्वेल भूशिराला वळसा घालून उपसागरात शिरतो, आणि जितकं आत यावं तितका जोर कमी होतो. त्यामुळे अरुगम बेत एकाच स्वेलवर तीन पातळ्यांचे लोक आपापल्या जागी असू शकतात. मेन पॉइंटच्या टोकाला उथळ खडक, समुद्री अर्चिन (काटेरी गोळ्यासारखे जीव) आणि मुरलेल्यांची गर्दी. गावाकडे आत बेबी पॉइंट, शिकणाऱ्यांसाठी. उत्तरेला व्हिस्की पॉइंट, हिरव्या लाटेवर पहिली पावलं टाकणाऱ्यांना उत्तम. त्याहून पुढे पोट्टुविल पॉइंट, वाळूवर दूरवर चालणारी लाट, चांगला सराव असलेल्यांची. तिथे वाळू मोसमाच्या सुरुवातीला नीट बसलेली नसते आणि लाट तुकड्यांत फुटते. जुलै-ऑगस्टमध्ये ते तुकडे जुळण्याची शक्यता जास्त. दक्षिणेला पीनट फार्म सौम्य, आणि कुमना अभयारण्याच्या तोंडाशी असलेलं ओकांडा अनुभवी लोकांसाठी.

पॉइंटवर रांगेचा नियम कडक पाळला जातो. लाट जिथे फुटायला सुरुवात होते त्याच्या सर्वात जवळचा माणूस लाटेचा मालक. तो उभा राहिला की तुम्ही थांबायचं. परत आत जाताना त्याच्या वाटेतून वल्हवायचं नाही, फेसातून लांबचा फेरा घ्यायचा. हा फेरा घेण्याइतकी दमछाक सोसत नसेल तर ती जागा अजून आपली नाही असं समजा.

चुकीच्या जागी पोचलात हे पाण्यात कळलं तर काय? घाबरून फुटणाऱ्या लाटेतून सरळ किनारा गाठायला जाऊ नका. आधी बाजूच्या गडद पाण्यात जा, बोर्डावर बसून श्वास घ्या, मोठी झुंड जाऊ द्या आणि मग आत आलेल्या वाटेनेच पोटावर झोपून बाहेर या. ओढ समुद्राकडे नेत असेल तर तिच्याशी भांडू नका, किनाऱ्याला समांतर वल्हवा. बोर्ड कोणत्याही परिस्थितीत सोडायचा नाही.

रीफने कापलं तर त्याच दिवशी स्वच्छ पाणी आणि साबणाने जखम घासून धुवा, दुखलं तरी. प्रवाळाचे कण आत राहिले की जखम चिघळते. लाली पसरू लागली किंवा ताप आला तर डॉक्टरकडे. अर्चिनचे काटे ठिसूळ असतात. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा-पाऊण तास बुडवा, वर दिसणारे चिमट्याने सरळ रेषेत ओढा, आणि सांध्याजवळ खोल गेलेला काटा स्वतः उकरू नका. पूर्व किनाऱ्यावर आणखी एक पथ्य: अरुगम बेच्या दक्षिणेला काही जागी जाताना खाजण लागतं, आणि त्यात मगरी असतात. पाणी कितीही उथळ दिसलं तरी स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय बोर्ड घेऊन ते ओलांडू नका. संध्याकाळी परतीच्या रस्त्यावर हत्ती येतात, तेव्हा रिक्षावाल्याला अंधार पडायच्या आत निघायला सांगा.