पाहुण्या वक्त्याचा एक तास

नमस्कार श्रोतेहो.

संध्याकाळी वाचनालयाच्या मोठ्या खोलीत किंवा एखाद्या मंडळाच्या सभागृहात खुर्च्या मांडलेल्या असतात. बाहेरून कुणीतरी बोलायला आलेलं असतं. कधी पक्ष्यांचे अभ्यासक असतात, कधी पूल बांधण्यात आयुष्य घालवलेल्या अभियंता बाई, तर कधी जुन्या नाण्यांचे जाणकार. समोर बसलेल्यांची परीक्षा नाही, हजेरी नाही, प्रमाणपत्रही नाही. मन रमलं नाही तर कुणीही उठून घरी जाऊ शकतं. दिवसभराचं काम आटोपून माणसं तरीही येतात, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आज मी बोलणार आहे ते या व्याख्यानांविषयी आणि ती रंगतात कशी याविषयी.

अशा वेळी आयोजक वक्त्याला हमखास सांगतात, "जरा हलकंफुलकं ठेवा हं, मधूनमधून विनोद टाका, नाहीतर लोक कंटाळतील." हा सल्ला मला पटत नाही. विषय मुळातच रटाळ आहे आणि त्याची भरपाई विनोदांनी करायची, असं त्यात धरलेलं असतं. समोरच्यांना विषय झेपणार नाही, हेही त्यात आलंच. खरं तर रंगत विषयातच असते. ऐकणाऱ्यांच्या ओळखीची एखादी साधी वस्तू उचलायची आणि तिच्या आत शिरत राहायचं, हे ज्याला जमलं त्याला विनोदांची जुळवाजुळव करावी लागत नाही. हसू मग आपोआप येतं, कारण माणूस चकित झाला की हसतोच.

याचं एक अस्सल उदाहरण १८६८ सालचं आहे. इंग्लंडमधल्या नॉरिच शहरात ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेचं अधिवेशन भरलं होतं. त्या निमित्ताने टॉमस हेन्री हक्सली यांनी तिथल्या कामगारांसमोर एक व्याख्यान दिलं. हक्सली नावाजलेले जीवशास्त्रज्ञ. मनात आणलं असतं तर पांडित्याचा डोंगर उभा करू शकले असते. त्यांनी विषय घेतला खडूचा, म्हणजे जमिनीतून निघणाऱ्या पांढऱ्या मऊ दगडाचा. सुरुवातच अशी की आपण बसलो आहोत तिथे पायाखाली विहीर खणली, तर खणणाऱ्यांना लवकरच हा पांढरा दगड लागेल. सुतार आपल्या खिशात त्याचाच तुकडा बाळगतो, आणि त्या तुकड्याचा खरा इतिहास ज्याला कळला त्याला विश्वाविषयी पुष्कळ काही कळलं, हे त्यांनी आरंभीच सांगून टाकलं.

पुढे त्यांनी तो खडू सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतो ते सांगितलं. एक घन इंच खडूत अतिसूक्ष्म जीवांची लाखो कवचं असू शकतात. मग ते थेट अटलांटिक महासागरात शिरले. समुद्राखालून तारायंत्राची केबल टाकायची होती, म्हणून १८५७ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजाने तळाची पाहणी केली होती आणि दहा हजार फुटांहून खोल जागेचा गाळ वर आणला होता. त्या गाळात तशाच जीवांची कवचं निघाली. मग ऐकणाऱ्यांच्या पायाखालची जमीन कधीकाळी समुद्राचा तळ होती, या निष्कर्षाकडे हक्सली त्यांना पुराव्यामागून पुरावा देत घेऊन गेले. खिशातला खडू चाचपत घरी निघालेला एखादा सुतार माझ्या डोळ्यांसमोर येतो. मनोरंजन कुठे संपलं आणि शिक्षण कुठे सुरू झालं, हे त्याला सांगता आलं असतं का?

दुसरं उदाहरण शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांचं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत १८२५ सालापासून नाताळच्या सुटीत मुलांसाठी व्याख्यानं होतात. दुसऱ्या महायुद्धातली काही वर्षं सोडली तर ही प्रथा आजपर्यंत चालू आहे. फॅरेडेंनी या व्याख्यानांच्या एकोणीस मालिका दिल्या, आणि १८६० च्या अखेरीस सुरू झालेल्या शेवटच्या मालिकेत सहा व्याख्यानं एका मेणबत्तीवर दिली. सहाच्या सहा व्याख्यानं, आणि विषय एक मेणबत्ती!

त्यातला एक प्रयोग सांगते. रेडिओवर ज्योत दाखवता येत नाही, पण तुम्हाला ती डोळ्यांसमोर आणता येईल. मेणबत्ती अलगद विझवली की वातीतून पांढरट रेघ वर जाते. आपण तिला धूर म्हणतो. जळती काडी वातीपासून दोन-तीन बोटं वर, त्या रेघेत धरली की आग रेघेवरून सरसर खाली येते आणि वात पुन्हा पेटते. काडी वातीला लागलेलीच नसते! म्हणजे ती रेघ जळण्याजोगी आहे; ती मेणाची वाफ आहे. आपण समजतो मेण जळतं, पण मेण आधी वितळतं, वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. फॅरेडेंनी नंतर काचेच्या नळीचं एक टोक ज्योतीच्या मधल्या काळपट भागात धरलं, तिथली वाफ दुसऱ्या टोकातून बाहेर आणली आणि तिथे ती पेटवून दाखवली. ज्योतीच्या वर बर्फाने गार केलेलं भांडं धरलं, तर त्याच्या बुडाशी पाण्याचे थेंब जमले. आगीतून पाणी निघालेलं पाहून मुलांचे चेहरे कसे झाले असतील! शेवटच्या व्याख्यानात ते आपल्या श्वासापर्यंत पोचले. मेणबत्ती आणि आपण, दोघंही हवेतला ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो.

हे फॅरेडे स्वतः अशाच व्याख्यानांतून घडले, आणि हा भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो. घरची गरिबी, शाळा जेमतेम, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी. लंडनमध्ये जॉन टेटम नावाचे गृहस्थ आपल्या घरी विज्ञानावर व्याख्यानं द्यायचे. प्रवेशाला एक शिलिंग पडायचा. तो शिलिंग मोठ्या भावाने दिला. नंतर १८१२ मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्यांना नामवंत रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरेडेंनी टिपणं काढली, आकृत्यांसह नीट उतरवली, स्वतः बांधली आणि ते पुस्तक डेव्हींना पाठवलं. पुढच्याच वर्षी ते डेव्हींच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले. समोरच्या खुर्च्यांत कोण बसलंय हे वक्त्याला कधीच ठाऊक नसतं. म्हणून थातुरमातुर तयारी करून येणाऱ्या वक्त्याचा मला मनापासून राग येतो.

तयारीच्या बाबतीत फॅरेडे फार काटेकोर होते. १८१३ मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी बेंजामिन ॲबट या मित्राला व्याख्यानकलेवर लांबलचक पत्रं लिहिली. खोलीत हवा खेळती हवी, प्रयोगाची मांडणी सर्वांना दिसायला हवी, आणि एक तास पुरे, अशा बारीकसारीक गोष्टी त्यांत आहेत. पुढे ते नामांकित वक्ते झाले, तरी बोलताना समोर 'सावकाश' असं लिहिलेलं कार्ड ठेवायचे. बोलण्याच्या ओघात त्याच्याकडे दुर्लक्ष झालं, तर मदतनीसाने ते पुन्हा पुढे सरकवायचं, अशी सूचना असायची. तास संपत आला की 'वेळ' लिहिलेलं कार्ड यायचं. ही दोन कार्डं आजही प्रत्येक आयोजकाने बनवून घ्यावीत, असं मी आग्रहाने सांगेन. वेळेची चिठ्ठी वक्त्याकडे सरकवताना संकोच वाटतो हे खरं, पण सुरुवातीलाच ठरवून घेतलं तर कुणीच दुखावत नाही.

ही परंपरा जगभर पसरलेली आहे. लंडनच्या ग्रेशॅम कॉलेजात १५९७ सालापासून लोकांसाठी मोफत व्याख्यानं होतात. अमेरिकेत जोसाया होलब्रुक यांनी १८२६ मध्ये मिलबरी गावात व्याख्यानमंडळ काढलं आणि ती कल्पना गावोगाव पसरली. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला उभी राहिली. अमेरिकेचेच रसेल कॉनवेल यांनी तर आपलं एकच भाषण सहा हजारांहून अधिक वेळा दिलं. एकच भाषण म्हणजे पाठ केलेली पोपटपंची, असं वाटेल. पण कॉनवेल गावात शक्यतो लवकर पोचायचे. पोस्टमास्तर, न्हावी, हॉटेलवाला, शाळेचे मुख्याध्यापक यांना भेटायचे, कारखान्यांत आणि दुकानांत जाऊन लोकांशी बोलायचे, आणि मग त्या गावाचे धागे आपल्या भाषणात गुंफायचे. पाहुणा म्हणून येऊनही ते तिथल्या माणसांशी त्यांच्याविषयी बोलायचे. ऐन वेळी गाडीतून उतरून थेट माइकपाशी उभं राहणाऱ्याला हे साधत नाही.

मी स्वतः पाहिलेलं एक व्याख्यान सांगते. विषय घुबड. वक्त्याने पडद्यावरचं पहिलं चित्रही दाखवलं नव्हतं, तेवढ्यात त्याने डबीतून करड्या रंगाची, अंगठ्याएवढी गोळी काढून पांढऱ्या कागदावर ठेवली. घुबड उंदीर अख्खा गिळतं. केस आणि हाडं पचत नाहीत, त्यांची अशी गोळी होते आणि घुबड ती तोंडावाटे टाकून देतं. चिमट्याने त्याने केस बाजूला सारायला सुरुवात केली. आधी एक बारीक बरगडी निघाली, मग नखाएवढा जबडा, त्यात नारिंगी झाक असलेले पुढचे दात. "हे नारिंगी दात दिसले की ओळखायचं, हा कुरतडणारा प्राणी," तो म्हणाला. मागच्या रांगेतले लोक उठून टेबलाभोवती आले. एका आजींनी विचारलं, "मग या गोळ्या गोळा केल्या, तर शेतात कुठले उंदीर आहेत ते घुबडच सांगेल की!" वक्ता खूश झाला, कारण अभ्यासक नेमकं हेच करतात आणि पुढचा अर्धा तास तो त्याच मुद्द्यावर बोलणार होता. आजींनी स्वतःच तो मुद्दा काढला होता.

असा प्रश्न यायला वाव ठेवावा लागतो. वक्त्याची ओळख करून देण्यात वीस मिनिटं, सत्कारात दहा, आभारात पंधरा, असं झालं की प्रश्नांचा गळा घोटला जातो. ओळख दोन मिनिटांत होते. हार-तुरे नसले तरी कुणाचं काही अडत नाही. प्रश्नांसाठी मात्र पंधरा-वीस मिनिटं राखून ठेवा, आणि पहिला प्रश्न कुणी विचारत नसेल तर गप्प राहा, घाईने आभाराकडे वळू नका. माणसं मनात वाक्य जुळवत असतात. जे चारचौघांत बोलायला बुजतात, त्यांच्यासाठी आधीच कोऱ्या चिठ्ठ्या वाटा. कार्यक्रम संपल्यावर वक्त्याने आणलेल्या वस्तू लगेच आवरू नका, दिवेही मालवू नका. सर्वांत चांगले प्रश्न बहुधा तेव्हाच, टेबलापाशी उभ्याउभ्या विचारले जातात.

आणि पुढच्या व्याख्यानासाठी वक्त्याला फोन कराल, तेव्हा विषय आणि तारीख ठरवून झाल्यावर हेही जरूर विचारा, "तुम्ही बरोबर काय घेऊन येणार आहात, आणि त्यासाठी टेबल केवढं लागेल?"

नमस्कार.