चावी चालू, इंजिन बंद, मग पंप कशाला चालतोय?

नमस्कार मंडळी. सोलापुरात बोटीचं काय काम असं कुणी म्हटलं की मला हसूच येतं, अहो उजनी आपल्याच जिल्ह्यात आहे की! तिकडे करमाळ्याच्या बाजूला माझा मेव्हणा राहतो, त्याने एक सेकंडहँड फायबरची बोट घेतली, थंडीत फ्लेमिंगो बघायला येणाऱ्या लोकांना फिरवायला. आत जुनं गाडीचं पेट्रोल इंजिन, कार्बोरेटरवालं, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेलं. मी पडलो गॅरेजवाला, म्हणजे बोट त्याची आणि डोकेदुखी माझी.

एप्रिलमधली गोष्ट. तेव्हा आपल्याकडचं ऊन कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको, नुसतं भट्टीत बसल्यासारखं, आणि ही बोट बरोबर मधोमध जाऊन बंद पडायची. पाइपातल्या पेट्रोलची उष्णतेने वाफ होते, टाकीतून पेट्रोल आणणारा पंप ती वाफच ओढत बसतो, त्याला आम्ही व्हेपर लॉक म्हणतो. पण खरी गोष्ट कळली ऑइलची कांडी काढल्यावर. पुसली, परत घातली, काढली, तर लेव्हल खुणेच्या वर आणि पेट्रोलचा भपकारा! मेकॅनिकल पंपाचा डायफ्राम फाटला होता. हा पंप इंजिनच्या कुशीला बोल्टने बसलेला असतो, कॅमशाफ्ट त्याची दांडी हलवते आणि आतला रबरी पडदा वरखाली होतो. तो फाटला की पेट्रोल थेट ऑइलमध्ये, म्हणजे बेअरिंगची वाट. बोटीसाठीच बनवलेल्या पंपात दोन पडदे असतात आणि एक पारदर्शक नळी असते, पहिला पडदा गेला की नळीत पेट्रोल दिसतं. इथं कुणीतरी गाडीचाच पंप ठोकून दिलेला. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, जुन्या रबराला ते मानवत नाही.

मेव्हणा म्हणाला, दाजी, इलेक्ट्रिक पंप बसवून टाका की. मी म्हटलं बसवू. जुना काढला, भोकावर पॅकिंग लावून प्लेट मारली, ऑइल बदललं, आणि जुन्या बाजारातून एक पंप आणला. इथं माझीच अक्कल गेली होती बघा! तो निघाला इंजेक्शनच्या गाडीचा, 40 पीएसआयच्या (दाबाचं माप) पुढे प्रेशर देणारा. कार्बोरेटरला साधारण 4 ते 7 पीएसआय पुरतं. चालू केल्याबरोबर कार्बोरेटरची वाटी भरली की पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या नीडलला काही ते आवरेना, पेट्रोल वरून भळाभळा वाहायला लागलं. नशीब बोट काठावर होती आणि इंजिनवरचं झाकण उघडं होतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी जाऊन बसते, मग एक ठिणगी पुरे. म्हणून पंपही बोटीसाठीचाच घ्यायचा, ज्याच्या मोटरची ठिणगी बाहेर येत नाही, आणि सुरू करायच्या आधी चार मिनिटं ब्लोअर, म्हणजे तळातली वाफ बाहेर फेकणारा पंखा, चालवायचा, मग गिऱ्हाईक कितीही घाई करू दे.

आता पंप बसवायचा कुठं? इलेक्ट्रिक पंपाला ओढण्यापेक्षा ढकलणं सोपं जातं, म्हणून गाडीत तो टाकीजवळ ठेवतात. बोटीत मात्र उलटं. अमेरिकेच्या कोस्ट गार्डचा नियम आहे, पंप इंजिनवर किंवा त्याच्यापासून 12 इंचांच्या आत पाहिजे. मला आधी हे विचित्रच वाटलं, मग डोक्यात प्रकाश पडला. ओढणाऱ्या पाइपाला चीर पडली तर हवा आत जाते, इंजिन खोकतं, बस्स. ढकलणाऱ्या पाइपाला पडली तर पेट्रोलचा फवारा, तोही बंद पोटात. तेवढा पाइप जितका आखूड तितकं बरं.

आणि आता सगळ्यात मोठं, जे बरेच मिस्तरी सोडून देतात. मेकॅनिकल पंप इंजिनच्याच जिवावर जगतो, इंजिन थांबलं की तोही थांबला. इलेक्ट्रिकला इंजिनचं काही सोयरसुतक नाही, त्याला करंट मिळाला की तो चालला! इंजिन बंद पडलं, चावी चालूच राहिली, पाइप निसटला, तर तो आख्खी टाकी तळात ओतेल. म्हणून चावीवरून सरळ वायर ओढायची नाही. मध्ये ऑइल प्रेशरचा तीन टोकांचा स्विच घालायचा. स्टार्टर फिरतोय तोवर पंपाला तिकडून करंट, इंजिन लागून ऑइलचं प्रेशर आलं की चावीकडून, आणि प्रेशर गेलं की पंप बंद. सोबत फ्यूज, आणि पंपाच्या आधी फिल्टर. स्विच पंपाच्या मानाने फार महाग नाही हो, पण मेव्हणा तिथंच घासाघीस करत होता.

सगळं झाल्यावर दोन टेस्ट घेतल्या. पहिली, चावी चालू आणि इंजिन बंद. मेव्हण्याला म्हटलं तोंड बंद ठेव जरा, आणि दोघंही वाकून कान लावून बसलो. पंपाचा टकटक आवाज अजिबात यायला नको, आला नाही. दुसरी, इंजिन चालू असताना स्विचची वायर काढली. टकटक जागेवर थांबली, पण इंजिन चालूच! मेव्हणा ओरडला, दाजी, स्विच फेल आहे. म्हटलं थांब, कार्बोरेटरच्या वाटीत उरलंय तेवढं संपू दे. थोड्या वेळाने दोनदा खोकलं आणि गप्प झालं.