निर्णय कुठे घ्यायचा?

एज कॉम्प्युटिंग आलं म्हणजे क्लाउड संपला, असं कुणी सांगितलं असेल तर ते आधी डोक्यातून काढून टाका. प्रश्न एवढाच आहे की डेटा जिथे तयार होतो तिथेच त्यावर काम करायचं (हेच एज कॉम्प्युटिंग), की तो दूरच्या डेटा सेंटरला, म्हणजे क्लाउडला, पाठवून उत्तराची वाट बघायची.

वेगाचा मुद्दा सगळ्यांना आवडतो, म्हणून तो आधी उरकतो. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. डेटा सेंटर 2000 किलोमीटरवर असेल तर नुसत्या जाण्या-येण्यातच 20 मिलिसेकंद गेले. राउटर, सर्व्हर यांचा वेळ वेगळा. सगळे मिळून 100 मिलिसेकंद धरा. ताशी 100 किलोमीटरने धावणारी गाडी तेवढ्यात पावणेतीन मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लावू का, हे तिने क्लाउडला विचारून कसं चालेल?

पण खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी एजची गरज पडते ती वेगापेक्षा डेटाच्या ढिगामुळे. एक कॅमेरा सेकंदाला 4 मेगाबिट पाठवतो म्हटलं, तरी दिवसाचे 43 गिगाबाइट होतात. आणि त्यात दिसतं काय? बहुतेक वेळ रिकामा जिना. शेजारच्या गेटवेवरच, म्हणजे कॅमेरा आणि नेट यांच्या मधल्या छोट्या कॉम्प्युटरवरच, चित्र ओळखणारं एआय मॉडेल चालवलं, तर वर क्लाउडला फक्त एक ओळ जाते: अमुक वाजता अमुक दारातून कुणी आत आलं. हवं तर सोबत एक फोटो.

मला स्वतःला विजेच्या मोटरच्या बेअरिंगचं उदाहरण जास्त पटतं. बेअरिंग झिजायला लागलं की कंपनात ठरावीक फ्रिक्वेन्सी डोकं वर काढतात. त्या पकडायला सेन्सर सेकंदाला हजारो रीडिंग घेतो. ती सगळी वर पाठवण्यात काहीच अर्थ नाही. तिथला प्रोसेसरच फूरिये रूपांतर करतो, म्हणजे कंपनात कोणत्या फ्रिक्वेन्सी किती आहेत ते गणिताने वेगळं काढतो, आणि मोजकेच आकडे पुढे धाडतो. नेट गेलं तरी मशीनवरची नजर हटत नाही. नोंदी साठून राहतात, नेट परत आलं की जातात.

मॉडेल शिकवायचं काम मात्र बहुधा क्लाउडमध्येच होतं. मग त्यातले 32 बिटचे आकडे 8 बिटवर आणले की आकार जवळपास चौथाईवर येतो आणि ते छोट्या चिपवर बसतं. अचूकता थोडी घसरू शकते. किती, ते आपल्याच डेटावर तपासा, माहितीपत्रकावर विसंबू नका.

आता डोकेदुखी. डेटा सेंटरला कुलूप असतं, पहारा असतो. एजचं उपकरण असलेली खांबावरची पेटी कुणीही उचलून नेऊ शकतो. म्हणून तिच्यातली मेमरी एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, हवी. अपडेट चालू असताना वीज गेली तर? चांगल्या उपकरणात सॉफ्टवेअरचे दोन कप्पे असतात. नवं दुसऱ्या कप्प्यात उतरतं, ते नीट चालू झालं नाही तर उपकरण आपणहून जुन्यावर परततं. विक्रेता डेमो द्यायला आला की अपडेटच्या मधोमध प्लग काढा आणि काय होतं ते बघा.