रात्रीचा घास, आठची गोळी

(दृश्य : अंबाजोगाईजवळचं गाव. रात्र. स्वयंपाकघर.)

जेवणं कधीच आटोपलीत. तरी अण्णांपुढं पुन्हा ताट आलंय : अर्धी भाकरी, दाट वरण, उकडलेलं अंडं. "भूक नसली तरी चार घास खा," लेक म्हणतो. सिरोसिसचा, म्हणजे यकृत निबर होऊन निकामी होत चाललेला, माणूस रात्रभर उपाशी राहिला, की शरीर स्नायूच जाळू लागतं. आपल्याकडं उलटीच तऱ्हा. कावीळ म्हटलं की डाळ बंद, वर गुरुवारचा उपास. पोटात पाणी झालं असेल तर मीठ कमी करायचं, हे बरोबर. पण प्रथिनं वजनाच्या किलोमागं रोज १.२ ते १.५ ग्रॅम लागतात. यकृत प्रत्यारोपणाचं ऑपरेशन झेपायचं ते याच बळावर.

यकृताचा तुकडा देणार लेकच. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात तो जवळचा नातेवाईक. साधारणपणे घेणाऱ्याच्या वजनाच्या ०.८ टक्के तरी यकृत मिळावं लागतं. अण्णा ६० किलोंचे, म्हणजे ४८० ग्रॅम. पुढं दोघांचंही यकृत काही आठवड्यांत भराभर वाढतं.

(दृश्य : पुणे. अतिदक्षता विभाग.)

खरी धास्ती नव्या यकृताला रक्त नेणाऱ्या, जोडलेल्या रोहिणीची. जेमतेम काही मिलिमीटरची ती. गुठळी झाली तर नवं यकृतच धोक्यात. म्हणून सुरुवातीचे दिवस रोज डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी, सोनोग्राफी. सलाइनही मोजून, कारण जादा पाण्यानं यकृत सुजतं. नर्स ड्रेनच्या, म्हणजे पोटातून बाहेर काढलेल्या, नळीवर डोळा ठेवून असते : त्यात पित्त उतरलं तर पित्तनळीचा जोड गळतोय. तब्येत साथ देत असेल तर श्वासाची नळी लवकर काढतात, उठवून बसवतात, चालवतात. "एवढ्यात उठवता?" बाहेर नातेवाईक हमखास विचारतात. पडून राहिलं की छातीत कफ साठतो, पायात गुठळ्या होतात.

(दृश्य : पुन्हा गाव. टँकर, कडब्याची गंज.)

शरीरानं नवं यकृत नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली. टँकरचं पाणी उकळूनच प्यायचं. कडबा आणि शेणखत दुसऱ्यानं उचलायचं, त्यात बुरशी असते. पपनस नको. मेडिकलवरून परस्पर आणलेली अंगदुखीची गोळी तर मुळीच नको. टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाच्या जोडीला ती मूत्रपिंडावर उठते.

टॅक्रोलिमस दर बारा तासांनी. त्याची रक्तातली पातळी मोजायची ती सकाळच्या गोळीआधी. गावाकडं इथंच घोळ होतो. गोळी आठची, एसटीनं लॅबला पोचेपर्यंत दहा. सवयीनं घरीच गोळी घेतली, तर पातळी जास्त दिसते आणि डोस विनाकारण कमी होतो. म्हणून त्या दिवशी गोळी खिशात घालून निघायचं, आधी रक्त द्यायचं आणि मग लॅबच्या बाकावरच ती घ्यायची.