गॅस कुठे वाचवावा, कुठे वाचवू नये

मंडळी, भाकरी करताना तुम्ही खिडकी लावून घेता की उघडी ठेवता? निम्म्याहून जास्त जणी ‘लावून’ म्हणाल्या. कारण खरं आहे. वारा आला की ज्योत तव्याखालून निसटते, भाकरी फुगत नाही आणि गॅसही वाया जातो. पण बंद स्वयंपाकघरात गॅस जळताना नायट्रोजन डायऑक्साइड साठतो, हवा अपुरी पडली तर कार्बन मोनॉक्साइडही. चुलीच्या धुरापुढे हे पुष्कळच कमी, त्यात वाद नाही. तरी घरात दम्याचं पोर असेल तर त्याला हेही बाधतं. म्हणून शेगडी वाऱ्याच्या तोंडावरून बाजूला सरकवा, पण खिडकी उघडी राहू द्या. त्यात थोडा गॅस जास्त जळला तर जळू द्या. छातीच्या औषधांपेक्षा तो स्वस्तच पडतो.

वाचवायला जागा दुसरीकडे आहे, आणि ती भरपूर आहे. आपण शिट्ट्या मोजून स्वयंपाक करतो. शिट्टी म्हणजे बाहेर फेकलेली वाफ, आपण पैसे देऊन तापवलेली. कुकरचा दाब पूर्ण चढला की आतलं तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. त्यानंतर ज्योत मोठी ठेवली तर तापमान वाढत नाही, शिट्ट्या तेवढ्या वाढतात. पहिल्या शिट्टीला गॅस बारीक करा. बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्या, तेवढ्या वेळात डाळ शिजतच असते. तूरडाळ आधी अर्धा तास भिजवली तर आणखी लवकर शिजते. यात तब्येतीचं काहीच नुकसान नाही.

आपल्याकडे बोअरचं पाणी जड. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार डाळीला लवकर मऊ होऊ देत नाहीत, मग चिमूटभर सोडा पडतो. सोड्याने डाळ पटकन शिजते, गॅस वाचतो, पण बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. डाळ हा ज्या घरात पोषणाचा मोठा आधार आहे, तिथे मला हा सौदा अजिबात पटत नाही. त्यापेक्षा डाळ शिजवायला नळाचं पाणी घ्या. चिंच आणि टोमॅटो डाळ शिजल्यावरच घाला. आंबटात डाळ शिजायला वेळ लागतो, शिवाय ॲल्युमिनियमच्या भांड्यात आंबट उकळलं तर धातू आमटीत उतरतो. आमटीला उकळी स्टीलच्या पातेल्यात आणा.

आता जिथे काटकसर करूच नये अशा गोष्टी. उकळी आणून भांडं चादरीत गुंडाळून ठेवायचं, आतल्या उष्णतेवर अन्न शिजू द्यायचं, ही युक्ती भाताला चांगली आहे, गरम असतानाच वाढणार असाल तर. राजम्याला ती चालणार नाही. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं आणि कोमट आचेवर ते नष्ट होत नाही. अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळ उकळू द्या, किंवा सरळ कुकरला लावा.

दुधाचं थोडक्यात सांगते. सुटं दूध उकळायलाच हवं. पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध फ्रीजमध्ये असेल तर दिवसातून तीनदा उतू घालवायची गरज नाही.

सगळ्यात जास्त काळजी मला भाताची वाटते. सकाळीच दोन्ही वेळचा भात टाकायचा, रात्री फोडणी द्यायची. सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजवल्यावरही जिवंत राहतात. ओट्यावरच्या कोमट भातात ते वाढतात आणि जे विष सोडतात ते फोडणीच्या आचेने जात नाही. उरलेला भात ताटात पसरून लवकर निववा आणि उन्हाळ्यात तासाभराच्या आत फ्रीजमध्ये ठेवा.

एकदाच शेगडी पेटवून अनेक दिवस खाण्याची सोय आपल्याकडे पूर्वीपासून आहेच. कडक भाकरी टिकते, कारण तिच्यात पाणीच उरत नाही आणि ओलाव्याशिवाय जिवाणू वाढत नाहीत. म्हणून गॅस वाचवायचाच असेल तर कडक भाकऱ्या सकाळीच दोन्ही वेळच्या करून ठेवा. भात मात्र संध्याकाळी, लागेल तेवढाच, ताजा टाका.