आधी मळी, मग आच

(कोल्हापुरातील एका तालमीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार.

ही कागदाची पुडी उघडतो. परवा रात्री माझा धाकटा मुलगा टर्फवरून, म्हणजे प्लास्टिकच्या गवताच्या मैदानावरून, खेळून आला आणि त्यानं दारात मोजे झटकले. त्यातून चमचाभर काळे दाणे पडले, ते हे. पुढच्या रांगेतल्यांनी बोटात घेऊन चोळा आणि वास घ्या. उन्हात तापलेल्या टायरचा वास येतो, कारण हा टायरच आहे. जुने टायर दळून केलेला भुगा.

कोल्हापूरला फुटबॉल म्हणजे काय, ते या हॉलमध्ये मी सांगायची गरज नाही. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार यांची मॅच शाहू स्टेडियमवर असली की त्या दिवशी पेठांत दुसरा विषय निघत नाही. मोकळी मैदानं मात्र कमी झाली, म्हणून पोरं टर्फवर गेली. दिवसभर काम करून रात्री दहाला दिव्याखाली तासभर खेळता येतं, पावसाळ्यात चिखल नाही. मी टर्फच्या विरोधात बोलायला आलेलो नाही. आठ-दहा वर्षांनी पाती झिजतात, गालिचा उचलावा लागतो. त्या दिवशी तो जातो कुठे, एवढंच मला बोलायचं आहे.

हे गवत आलं कसं, ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत ह्यूस्टनला छताखाली बांधलेल्या स्टेडियममध्ये खरं गवत मेलं, म्हणून 1966 साली तिथे नायलॉनचं गवत अंथरलं. 1976 च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा अशा मैदानावर खेळली गेली. आज फुटबॉलसाठी वापरतात त्या टर्फची पाती बहुतेक पॉलिएथिलीनची असतात, म्हणजे दुधाच्या पिशवीच्या जातीचं प्लास्टिक. ती पाती ज्या कापडात शिवतात ते पॉलिप्रॉपिलीनचं, साखरेच्या पोत्यासारखं. पाती निसटू नयेत म्हणून मागून लेटेक्स किंवा पॉलियुरेथेनचा लेप देतात आणि लेटेक्सच्या लेपात चुनखडीची पूड भरपूर घालतात. पात्यांमध्ये खाली वाळू, वर हे काळे दाणे. एका गालिच्यात इतक्या जाती एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात.

आता वजन बघा. 100 फूट बाय 60 फुटांचं लहान टर्फ धरा. क्षेत्रफळ साधारण 557 चौरस मीटर. चौरस मीटरला अडीच किलो धरले तरी नुसता गालिचा 1,400 किलोच्या आसपास जातो. वाळू 15 किलोनं धरली तर आठ टनांच्या वर. रबर वेगळंच. एका लहान टर्फचा हा हिशोब आहे. आपल्या भागात अशी किती झाली, ते तुम्हीच मोजा.

गेल्या पावसाळ्यात एका ओढ्याच्या काठाला जुन्या टर्फच्या गुंडाळ्या टाकलेल्या पाहिल्या. वाळू ओली, दाणे वाहून चाललेले. आपल्याकडचं असं वाहिलेलं सगळं शेवटी पंचगंगेला मिळतं. टायरच्या रबरात 6पीपीडी नावाचं रसायन असतं. हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन त्याचं जे तयार होतं, ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कोहो सॅमन माशांना मारतं, हे 2020 साली सिद्ध झालं. युरोपीय संघानं 2023 मध्ये सूक्ष्म प्लास्टिकवर जे निर्बंध आणले त्यात मैदानात भरायचे हे दाणेही आहेत, त्यांना आठ वर्षांची मुदत दिली आहे. त्या माणसांनी घाईनं नव्हे, विचार करून हे केलं आहे, आणि आपण ते मनावर घ्यावं असं मला वाटतं.

"मग जाळून टाका की," असं मला एका मित्रानं सांगितलं. गुऱ्हाळाच्या चुलवाणात किंवा वीटभट्टीत घातलं की संपलं. मित्रांनो, हे करू नका, दुसऱ्यालाही करू देऊ नका. उघड्या आचेत रबर अर्धवट जळतं. काजळी आणि गंधकाचा धूर चुलवाणासमोर बसलेल्या माणसाच्या छातीत जातो, आणि तो माणूस दिवसभर तिथेच बसलेला असतो.

हवा बंद करून तापवणं ही वेगळी गोष्ट आहे. त्याला पायरोलिसिस म्हणतात. लाकडाचा कोळसा पाडतात तेच तत्त्व. बंद भांड्यात प्राणवायू नाही, म्हणून वस्तू पेटत नाही, तिचे लांब रेणू तुटतात. पॉलिएथिलीन साधारण 450 ते 500 अंशांवर तुटून मेण आणि तेल देतं, थोडा वायूही निघतो. तो वायू त्याच भट्टीला इंधन म्हणून पुरवता येतो. टायरच्या रबरापासून तेलाबरोबर काळी भुकटी पुष्कळ राहते, आणि तेलात गंधक उतरतं.

इथे मला गुळव्या आठवतो. काहिलीत रस ओतला की तो भेंडीचा चिकट रस घालतो, मळी वर येते, झाऱ्यानं ती काढत राहतो. आच भरात आणतो ती त्यानंतर. मळी तशीच ठेवून रस आटवला तर गूळ काळा पडतो, टिकत नाही. टर्फचंही तेच आहे. पाती, लेप, वाळू, रबर सगळं एकत्र भांड्यात कोंबलं तर वाळू आणि चुनखडी फुकट तापतात आणि खाली राखेत जमतात. पॉलियुरेथेनचा नायट्रोजन आणि रबराचा गंधक तेलात मिसळतात. असं तेल घ्यायला रिफायनरी तयार होत नाही. यंत्र कितीही महागाचं आणा, आधी मळी काढावीच लागते.

रासायनिक पद्धतीत, म्हणजे रसायनं वापरून प्लास्टिकचे रेणू सुटे करण्यात, हाच मुद्दा आणखी स्पष्ट दिसतो. कोल्हापुरी साज डोळ्यांसमोर आणा. त्याची पानं एकमेकांना कडीनं जोडलेली असतात. कडी उघडली की पान जसंच्या तसं सुटं होतं. नायलॉन-6 तसं आहे. ठरावीक ठिकाणी बंध सोडवता येतो आणि ज्यापासून ते बनलं ते मूळ कॅप्रोलॅक्टम परत मिळतं, त्याचं पुन्हा नवं नायलॉन करता येतं. पॉलिएथिलीन मात्र ओढलेल्या तारेसारखं, सगळीकडे एकच जोड. पक्कड लावाल तिथे तुटेल, तुकडा लांब की आखूड ते आपल्या हातात नाही. म्हणून ते ज्या वायूपासून बनलं तो मूळ वायू न मिळता मिश्र तेल मिळतं. गरम द्रावकात विरघळवून, गाळून हे प्लास्टिकच स्वच्छ करण्याचा मार्ग आहे, पण तिथेही दुसऱ्या जातीचं प्लास्टिक जितकं कमी तितकं बरं.

वाळूबद्दल मी हक्कानं बोलू शकतो. शिरोलीच्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, साच्याच्या वाळूच्या सँड प्लँटवर माझी 26 वर्षं गेली. रेझिन, म्हणजे वाळू धरून ठेवणारा चिकट पदार्थ, लावलेली वाळू 600-700 अंशांवर भरपूर हवेत तापवली की रेझिन जळून जातं आणि वाळू पुन्हा मोल्डला, म्हणजे साच्याला, लागते. हे थर्मल रिक्लेमेशन आपल्या लोकांना नवं नाही. टर्फची वाळू धुऊन, चाळून अशा प्लँटमध्ये घालता येईल का, हा प्रश्न मला झोपू देत नाही. अडचण एकच, आणि ती मोठी आहे: रबराचा अंश. गंधक वाळूत राहिलं तर एस. जी. आयर्नच्या, म्हणजे ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं त्या ओतीव लोखंडाच्या, कास्टिंगच्या पृष्ठभागावर ते लोखंडातलं मॅग्नेशियम खातं, ग्रॅफाइटचे गोळे नीट होत नाहीत, आणि अख्खा हीट, म्हणजे एका वेळी वितळवून ओतलेला सगळा माल, रिजेक्ट होऊ शकतो. म्हणून एल.ओ.आय. (वाळू तापवल्यावर तिचं वजन किती घटतं ते) बरोबर गंधकही तपासल्याशिवाय अशी वाळू मोल्डपर्यंत जाता कामा नये. साध्या ग्रे आयर्नच्या कमी महत्त्वाच्या कास्टिंगपासून सुरुवात करावी, असं माझं मत.

वेगळंच करता येणार नाही असा जो गाळ उरेल, त्याला सिमेंटची भट्टी हा त्यातल्या त्यात बरा शेवट. तिथे ज्वाला 2,000 अंशांच्या आसपास असते आणि लेपातली चुनखडी क्लिंकरमध्येच, म्हणजे ज्या गोळ्या दळून सिमेंट करतात त्यांतच, जिरते. पण गालिचा तिथे गेला की त्यातलं प्लास्टिक पुन्हा हाती येत नाही, म्हणून हा पर्याय मी शेवटी ठेवतो.

आता हे दोन ग्लास बघा. पहिल्यात साधं पाणी आणि साबणाचा एक थेंब. यात टर्फचा कातरलेला तुकडा टाकतो, दाण्यांसकट. पाती वर तरंगली, वाळू लगेच तळाला बसली, काळे दाणे सावकाश खाली चाललेत. दुसऱ्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घातलं आहे. तळाचा गाळ यात ओततो. वाळू खालीच राहिली, आणि दाणे वर आले. भट्टी नाही, वीज नाही, पाणी आणि मीठ. मोठ्या प्रमाणावर हे टाक्यांत आणि चाळण्यांवर करावं लागेल, धुतलेलं पाणी गाळून पुन्हा वापरावं लागेल, नाहीतर तेच पाणी ओढ्याला जाईल.

टर्फ घालून देणाऱ्या एकाला मी विचारलं होतं, झिजल्यावर परत नेणार का? "तेव्हाचं तेव्हा बघू," म्हणाला. तुमच्यापैकी जे टर्फ घालणार आहेत त्यांनी पैसे देण्याआधी तीन गोष्टी कागदावर घ्या: पाती आणि कापड एकाच जातीच्या प्लास्टिकचे आहेत का, लेप कशाचा आहे, आणि गालिचा परत नेण्याचा खर्च कुणाचा. पाती, कापड आणि लेप हे सगळंच पॉलिएथिलीन-पॉलिप्रॉपिलीनच्या कुळातलं असलेलं टर्फ मिळतं. ते मागा, थोडं महाग पडलं तरी.

ग्लास इथेच टेबलावर ठेवतो. घाईत नसाल तर पुढे या, हात घालून बघा. फौंड्रीवाले कुणी असतील तर त्यांनी थांबा, त्या वाळूतली चिमूटभर घरी नेऊन तापवून बघायची आहे.